समुद्राकडची खिडकी

उद्याच्या सहलीचा नकाशा टेबलावर पसरून तो आईला रंगवून सांगत होता, "हायवे नको, किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ. तू माझ्या शेजारी बस, म्हणजे शहर येईपर्यंत समुद्र तुझ्याच खिडकीत. दीपगृहापाशी चहा, खाडीच्या पुलावर फोटो. दोन दिवस नुसती मजा!" त्या शहरातल्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली घेतलीय, एवढंच सांगायचं त्याने टाळलं होतं. आई नकाशातल्या वळणांवरून बोट फिरवत राहिली. "छान आखलंयस," ती म्हणाली. मग पायाशी ठेवलेली बॅग तिने उघडली. "सूनबाईने माझे तिन्ही स्वेटर भरलेत. ऐन उन्हाळ्यात, दोन दिवसांसाठी!" तिने स्वेटर आत दडपले, चेन ओढली आणि नकाशा त्याच्याकडे सरकवला. "येतानाही याच रस्त्याने ये. तेव्हा समुद्र तुझ्या खिडकीत. बघायचं तर तिकडे बघ, शेजारच्या रिकाम्या सीटकडे नको."