हिरवं पाणी

तळ्यात पोहणारी मुलं आजारी पडू लागली, तसं सगळं गाव तळ्याकाठच्या म्हाताऱ्या मर्ल पेल्कीच्या खोपटाकडे बोट दाखवू लागलं. आरोग्य मंडळाची तपासनीस लोर्ना मात्र महिनाभर काठावरच्या एकेका घरात जाऊन संडासात हिरवा रंग सोडत होती आणि तो तळ्यात कुठून उतरतो ते पाहत होती.

टाउन हॉलमधल्या सभेला सगळं गाव लोटलं. मंडळाचे अध्यक्ष व्हिटकॉम्ब म्हणाले, "पेल्कीचीच सेप्टिक टँक फुटलीय ना? मग लिहा, घर रिकामं करायचं."

लोर्नाने नोंदवही उघडली. "त्यांची टाकी ठणठणीत आहे, साहेब. हिरवं पाणी तुमच्या घराखालून आलं."

"बाई, तुला नोकरीवर मी घेतलं!"

"हो. टाक्या तपासायलाच घेतलंत."

मंडळाच्या उरलेल्या दोन्ही सदस्यांनी लोर्नाच्या बाजूने हात वर केले. नवी टाकी बसेपर्यंत अध्यक्षांचा संडास बंद, असा आदेश निघाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेतून पेल्की उठला. "व्हिटकॉम्बसाहेब, तोवर माझ्याकडे येत जा. दाराला कडी नाही, तेवढं खोकत बसा."