अडकलेला अल्बम

अरे, ऐका तर! ओजसने हेवी मेटलचा अल्बम परदेशातून मागवला. एकाच डिस्कवर एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला व्हिडिओ. पण डिस्क इतकी जाड, की घरातला एकही प्लेअर तिला ओळख दाखवेना! मग पठ्ठ्याने ती बाबांच्या नव्या गाडीत कोंबली. तिथे वाजली, पण अडकली. बाहेर येईना, बंदही होईना.

आणि त्याच गाडीतून ताईला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना स्टँडवरून आणायचं होतं!

रस्ताभर नुसत्या किंकाळ्या. मुलाची आई दचकून म्हणाली, "अगंबाई, कुणाला लागलंय का रे?"

"नाही काकू, गातोय तो."

मुलाचे वडील कानात बोटं घालून बसले. ताईचं स्थळ आता गेलंच, या विचाराने ओजसला घाम फुटला.

घरी पोहे संपवून मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी पसंत. वरातीची वाजंत्री मात्र आम्ही ठरवणार."