पुलावरचा संसार

आजही तो माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता.

फिटरने कारखान्याच्या बसमधून डोळे फाडून पाहिलं. अरुंद पुलावर दोन्ही बस मुंगीच्या पावलांनी एकमेकींना ओलांडत होत्या. ही दिवसपाळीला कामावर नेणारी, ती रात्रपाळीला घरी आणणारी. समोरच्या बसच्या खिडकीत त्याची बायको ताठ बसली होती. त्या माणसाचा चेहरा तिच्या मानेत लपलेला. दिसत होते ते विस्कटलेले केस आणि तिच्या दंडावर निवांत पडलेला हात.

फिटर दिवसपाळीला, बायको रात्रपाळीला पॅकिंगमध्ये. वर त्याचा ओव्हरटाइम. नवराबायकोची भेट काय ती पुलावर. "तुमचा संसार पुलावरच चाललाय," असं त्याची आई म्हणायची आणि आपणच हसायची. पूल आला की बायको काचेला तळवा लावायची. मग हाही लावायचा. ती नीट दिसावी म्हणून त्याने भांडून ड्रायव्हरच्या मागची एकट्याची सीट पटकावली होती.

तो माणूस दिसायला लागला आणि तिचा तळवा काचेवर यायचा बंद झाला. आता ती मान फिरवून घ्यायची. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुटीच्या दिवशी दोघं समोरासमोर बसत. आज विचारायचंच, असं ठरवून तो तोंड उघडायचा आणि चहात साखर कमी पडलीय, असं काहीतरी बोलून मोकळा व्हायचा. तीही मुकाट्याने साखरेचा डबा पुढे सरकवायची. तिने हो म्हटलं तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

शेवटी त्याने कामाला दांडी मारली आणि तिच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला.

बस आली. कामगार डोळे चोळत उतरले. त्यातला प्रत्येक पुरुष त्याने नखशिखान्त न्याहाळला. सर्वांत शेवटी ती उतरली. एकटीच.

"अगंबाई, तुम्ही इथे? आईंना काही झालं का?"

तो तिला ओलांडून बसमध्ये चढला. आत चिटपाखरू नव्हतं.

"हिच्या शेजारी बसतो तो कुठे उतरला?" त्याने ड्रायव्हरला दरडावून विचारलं.

"वहिनींच्या शेजारी?" ड्रायव्हरला हसू आलं. "तिथली सीट मोडली, कधीच काढून टाकली. आपण स्टेपनी ठेवतो तिथे."

फिटरने वाकून पाहिलं. तिच्या खिडकीजवळच्या सीटशेजारी खरंच एक टायर आडवा पडला होता. त्याच्यावर धुळीचा जाड थर होता. कोणी बसल्याची, टेकल्याची कसलीही खूण त्यावर नव्हती.

त्याला हायसं वाटलं. लाजही वाटली. जागरणाने डोळे फसवत असतील, दुसरं काय! आपण या बाईवर नाही नाही तो संशय घेतला, या विचाराने त्याला भडभडून आलं. तो खाली उतरला आणि तिथेच, फुटपाथवर, त्याने तिला सगळं सांगून टाकलं. तो माणूस, त्याचे केस, तिच्या दंडावरचा हात.

"चुकलं माझं. रागव, दोन शिव्या घाल. पण अबोला धरू नकोस."

ती रागावली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती त्याच्या खांद्याकडे बघत राहिली.

"मी इतके दिवस गप्प बसले," ती कशीबशी म्हणाली. "म्हटलं, विचारलं तर घर मोडेल. म्हणजे तुमच्या खांद्यावर डोकं टेकून झोपते, ती बाईसुद्धा तिथे नसतेच?"