बिनसाखरेचा चहा

नवसंस्थावादावरच्या प्रबंधाची मौखिकी संपत आली होती. शेवटच्या प्रश्नाला शलाका म्हणाली, "नियम कागदावर बदलतात, पण संस्था चालते ती अंगवळणी पडलेल्या रीतींवर. आणि रीत कुणी मुद्दाम मोडल्याशिवाय मोडत नाही."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. तिच्या मार्गदर्शक वैजयंतीबाईंना भरून आलं.

"अभिनंदन, डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि त्याच दमात पुढे, "आता चहाचं बघतेस ना?"

शब्द तोंडातून निघून गेले आणि त्यांना स्वतःची मौखिकी आठवली. पीएच.डी. मिळाल्या मिळाल्या याच खोलीत त्यांनी ट्रे फिरवला होता, आपल्या मार्गदर्शक सरांच्या बशीत सांडलेला चहा पुसला होता. आपण विभागप्रमुख झालो की हे बंद, असं तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं. प्रमुख होऊनही आता बरीच वर्षं लोटली होती.

"राहू दे, मी आणते," म्हणत त्या उठल्या, पण शलाका ट्रे घेऊन आलीही होती. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट हसूच होतं. तिने पहिला कप त्यांच्यापुढे धरला.

"तुमचा बिनसाखरेचा, मॅडम. सीनियर्सनी आधीच सांगून ठेवलं होतं."