तेराचा पट

पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या शाळेत चारच मुलं उरली होती; बाकीचं गाव पोराबाळांसकट मुंबईला. पट वाढला नाही तर शाळा बंद, असं पत्र आलं, तेव्हा तिथल्या शिक्षिका अपेक्षाबाई तडक घाटरस्त्याच्या कामावर आलेल्या विजापूरकडच्या मजुरांच्या पालावर गेल्या आणि नऊ मुलांची नावं घालून आल्या.

शाळा समितीचे अध्यक्ष सयाजीराव भडकले. "बाहेरची पोरं आमच्या पोरांत नकोत, बाई."

"तुमचे नातू विरारच्या शाळेत आहेत ना? तिथे ते कुठले?"

सयाजीराव तरातरा निघून गेले.

पटपडताळणीच्या दिवशी मात्र तेच जीप घेऊन पालावर गेले. मुंबईला गेलेल्या पोरांचे जुने गणवेश घराघरातून मागून आणले, नऊही जणांना घातले आणि पट मोजायला आलेल्या साहेबांपुढे रांगेत बसवलं. त्या नऊतल्या रेणुकाने न अडखळता कविता म्हटली. साहेबांनी तेरा डोकी मोजली. शाळा वाचली. माणूस सुधारला म्हणायचा, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊही मुलं आपल्या मळक्या कपड्यांत फाटकाबाहेर उभी होती आणि सयाजीराव व्हरांड्यात गणवेशांचं गाठोडं बांधत होते. बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी हजेरीपट आणून त्यांच्या पुढ्यात आदळला.

"यांची नावं आहेत पटावर. वाचा."

सयाजीरावांनी शांतपणे गाठ मारली.



"नावं ऱ्हाऊ द्या की, बाई. नावांना कोण नाय म्हणतो? पोरं तेवढी नकोत."