शेवटची रांग

डीएनए तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये काटकसरीचं खातं तिच्याकडे होतं. डीएनएच्या रेघा ज्यावर उमटतात ते जेल निम्म्या जाडीचं ओतायचं, रसायनं थेंबाथेंबाने पुरवायची, हे तिने केलंच. पण तपासणी बरोबर झाली का, हे ताडून पाहायला प्रत्येक जेलच्या शेवटच्या रांगेत जो महागडा विकतचा नमुना घालावा लागे, त्यालाही तिने फाटा दिला. सरळ नवऱ्याला नळीत थुंकायला लावलं, त्या रांगेत त्याचाच नमुना घातला आणि त्याच्या रेघा पाठ करून टाकल्या.

तेव्हापासून ती घरी आली की नवऱ्याचा प्रश्न ठरलेला, "काय, आज आलो का मी कामाला?"

आज एक संशयी माणूस बायकोला आणि तान्ह्या बाळाला घेऊन आला होता. त्या बाईचा उतरलेला चेहरा पाहून हिनेच तिला पाणी दिलं. बाळाच्या निम्म्या रेघा आईशी जुळल्या; उरलेल्या बापाशी जुळायला हव्यात, त्या मात्र त्या माणसाशी जुळेनात. आपलीच काटकसर नडली, असं म्हणत तिने पुन्हा चांगलं जाड जेल ओतलं, रसायनं सढळ हाताने घातली. रेघा जागच्या हलल्या नाहीत. मग सवयीने तिची नजर शेवटच्या रांगेवर गेली. बाळाची उरलेली प्रत्येक रेघ तिथे होती.

संध्याकाळी नवऱ्याने हसत दार उघडलं. "काय, आज आलो का मी कामाला?"

 

"आलास," ती चप्पल न काढता म्हणाली. "एका बाळाचा बाप सापडत नव्हता."