निळा कार्बन

आमच्या गावातल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात निम्मा वर्ग टोमॅटोच्या कारखान्यात पाळीवर असायचा. म्हणून जो येई, तो कागदाखाली कार्बन घालून लिही. खालची प्रत शेजारच्या रिकाम्या खुर्चीची. तिथली दोन वर्षं संपवून मी शहरातल्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला आले. हाताची सवय सुटली नाही. शेजारचा प्रेस्टन हसला, “कोणासाठी छापखाना काढलायस?” आई आजारी पडली म्हणून गावी गेले, माझे दोन तास बुडले. त्याच्याकडे वही मागितली. “राग मानू नकोस, रोसाल्बा. इथे एकमेकांशी तुलना करून ग्रेड देतात. तू वर चढलीस, तर मी खाली येणार.” सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. बुधवारी तापातून उठून आला. “तुझ्याकडे जादा प्रत असते ना?” ती पिशवीतच होती. “नाही,” मी सांगितलं. संध्याकाळी आईचा फोन आला. “रुळलीस का गं तिथे?” निळी बोटं पुसत म्हणाले, “हो. आजच रुळले.”